आईचा चांगला हात

३ जून

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

आईची उजवी बाजू अजून लुळीच आहे. बोलण्यात एकच शब्द उरलाय, 'हो'. पाणी हवं का? हो. नको का? हो. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवते, तरी पाठीला जखम झालीच.

नर्सिंगच्या चार वर्षांच्या डिग्रीला माझा नंबर लागलाय, पण कॉलेज लांब, तिकडेच राहावं लागेल. इथल्या हॉस्पिटलात दोन वर्षांचा कोर्स आहे, रोज घरी येता येईल. महिनाअखेर कळवायचंय. इथलाच करू का, असं आईला विचारलं. हो म्हणाली. मग तेच ठरवलं. तरी रडू काही थांबत नाही.

लोभ आहे, तो तेवढा राहू दे.
तुझी ठकी

९ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, घर विकू का विचारलंस तरी ती हो म्हणेल! आमच्या वॉर्डात अशा पेशंटचं तोंड नाही, चांगला हात बघतात. नको असलं की ढकलतो, हवं असलं की धरतो.

मीही दोन वर्षांचाच कोर्स केला. सगळा जन्म वॉर्डात गेला आणि काल आलेली डिग्रीवाली माझी इनचार्ज. पोरगी गुणी आहे, पण जीव जळतो गं. हात बघून पुन्हा विचार.

तुझ्यावर नेहमीच लोभ असलेली,
मावशी

१६ जून

ति. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. इथेच राहू? हो, हात गप्प. डिग्रीला जाऊ? हो, आणि माझं मनगट असं धरलं की एकेक बोट सोडवावं लागलं. तुझ्या हिशेबाने धरलं म्हणजे हवं. पण काय हवं, डिग्री की मी?

जखमेला वास येतोय. मला काही सुचत नाही. तूच ठरव, मी हात टेकले.

ठकी

२१ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताच डॉक्टरांना बोलाव, मी येईपर्यंत थांबू नकोस.

तू हवीस, दुसरं काय? खोटं कशाला सांगू. मला कोर्सला सोडायला आली, तेव्हाही गाडी सुटेस्तोवर तिने डाव्या हाताने मनगट धरून ठेवलं होतं. मी रडत उतरायला लागले, तर उजव्या हाताने तिनेच आत ढकललं. तो हात आता लुळा पडलाय गं.

तिचं तेवढं काम मी करते. नोकरी सोडली. रविवारी पोचते. डिग्रीला येते म्हणून कळव आणि बॅग भरून ठेव.

मावशी