तळ्याच्या तळाशी मामी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तेव्हा अर्धाच पोचला असेल, उरलेला भेटीत.) तुमचा खोकला कसा आहे? माझी तब्येत उत्तम, फक्त बोटं गुलाबी झाली आहेत. तळाचा गाळ चाळणीत धुऊन जे उरतं त्यात आम्ही एक रंग टाकतो. गाळातले किडे, गोगलगाई, शिंपल्यातले जीव गुलाबी होतात आणि वेचायला सोपे जातात. तुमच्या तळ्यात आठवडाभर माझ्या बोटांखेरीज काहीही गुलाबी झालेलं नाही.

पाणी मात्र दृष्ट लागावी असं आहे. होडीतून फिरणाऱ्या पाहुण्यांना चिखल नको, वास नको, म्हणून तुम्ही तळ खरवडून घेतलात आणि समुद्राकडचं लोखंडी दार कायमचं लावून टाकलंत. आता गुडघाभर पाण्यात तळाची रेघन् रेघ दिसते. तीच तर पंचाईत. पहिल्याच दिवशी मी गाळात रुतलो, एक बूट तिथेच राहिला (तो अजून खालून माझ्याकडे बघतो), आणि माझी पावलं उमटली. ती आजही जशीच्या तशी आहेत. लाट नाही, गाळ उकरून वरखाली करणारं कुणी उरलेलं नाही. मग बुजवणार कोण? होडीवाल्याचीही पावलं आहेत. आणि तिसरी आहेत ती लहान, शेजारी काठीची भोकं, उजवा अंगठा बाहेर वळलेला. मामा, मामीला जाऊन वर्ष होत आलं.

मी होडी त्या बाजूला वळवली तर होडीवाला खेकसला, "तिकडनं नको हो! बाई चालतायत."

"कुठे चालतायत?"

"दिसत नाही होय? चष्मा पुसा."

आणि घरातल्या खुर्चीला घालावा तसा त्याने त्या पावलांना वळसा घातला. मला हसू आलं, पण मोठ्याने हसवेना. तिथे आवाज फार लांब जातो आणि परत येत नाही.

तुमचा आज्ञाधारक (आणि एका बुटावरचा)
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. दार उघडायला तुमची परवानगी हवी. भरतीबरोबर गाळातले जीव परत येतील.

आणखी एक. ते आले की तळ नांगरून काढतील, आणि मामीची पावलं जातील. हे न सांगता परवानगी घेणं बरं वाटेना.

शेवटचं. आज त्या पावलांच्या कडेने शेवटपर्यंत गेलो. ती दारापाशी जातात. होडीवाला म्हणाला, "दार उघडा म्हणून मामांशी भांडून दमल्या, मग स्वतःच निघाल्या दाराचं चाक फिरवायला. मीच होडीतून परत आणलं. मामांना सांगू नकोस म्हणाल्या." जेमतेम बोटभर फट पडली होती, ती अजून आहे. फटीजवळ मात्र पावलं पुसट झाली आहेत. तिथला मूठभर गाळ चाळून रंगात टाकला, तर भांडंभर गुलाबी वळवळ. चाक मीही फिरवून पाहिलं. एकट्याचं काम नाही, मामा. या.