विजेच्या पेटीच्या चार खुणा

११ मार्च १९३५, भडगाव

खोटी! साफ खोटी! पेटीच्या आत वीज नाही, विजेचं नावसुद्धा नाही. घड्याळाची स्प्रिंग, तिला एक दातेरी चाक, बस. मूठ फिरवली की पितळी दांड्या थरथरतात आणि धरणाऱ्याला वाटतं, वीज अंगात शिरली. झाकणावर इंग्रजीत 'लंडन' आणि १८६२. लाकडाला धूर देऊन तेल चोपडलंय, जुनं दिसावं म्हणून. वास घेतला — सरकीचं तेल! लंडनला काय कपाशी पिकते?

अक्काने पायातले तोडे दिले या खोक्यासाठी. जळगावच्या रुपचंदला, जुन्या विलायती वस्तू विकतो तो. तिचा उजवा हात दिवाळीच्या तापापासून लुळा, आणि विजेच्या झटक्यांनी तो बरा होतो असं त्याने सांगितलं. डाव्या हाताने भाकरी थापते, ती काठाला फाटते, आणि सासू फाटलेली भाकरी शेजारणीला नेऊन दाखवते! आज माझ्यासमोर म्हणाली, "आखाजीले माहेर जाऊ दे तिले. मंग पाहू." मग पाहू म्हणजे काय ते सगळ्या गल्लीला माहीत. दाजींसाठी दुसरी मुलगी बघून ठेवलीय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके घेतात, परत येतात. अक्काने परत यायचं नाही, असा बेत. दाजी खाली मान घालून सुतळी वळत बसले. त्या सुतळीनेच बांधावं त्यांना!

आणि माहेर कुठलं? आई नाही, बाप नाही. घर होतं ते मी विकलं आणि वर्षभर इंदूर-मुंबई भटकून फुंकलं. उरलो मी. मला पत्ता नाही.

१४ मार्च, धुळे

तोताराम नानांच्या दुकानात. घड्याळं, ग्रामोफोन, काय वाटेल ते दुरुस्त करतात. मी अधूनमधून त्यांच्याकडे काम करतो, ते अधूनमधून मला हाकलतात. त्यांच्याकडे एक खरी पेटी आहे. कोणा मिशनच्या डॉक्टराने टाकून दिलेली. आतली तार कधीच जळालीय, पण बघून शिकायला उत्तम.

नानांना म्हटलं, खरी कशी ओळखायची ते शिकवा. चार खुणा सांगितल्या. आत लोहचुंबकाची नाल हवी, सुई चिकटली पाहिजे. काळी मूठ तळहातावर घासली की गंधकाचा वास यावा. लाखेचा आला तर ती बांगड्यांच्या लाखेची. तारेवर रेशीम हवं, सूत नको. आणि स्क्रूच्या खाचा झिजलेल्या हव्यात, माणसांनी पन्नास वर्षं उघडल्यासारख्या.

नाना पुढे सांगत होते, "आनि मूठ आगोदर हळू फिरवानी, मंग जोरमा..." तेवढ्यात आग्रा रोडवर गलका. सर्कशीचा हत्ती! पळालो. हत्ती कसला, दोन उंट, तेही खरजेने भरलेले.

१५ मार्च

सिनेमाच्या जाहिरातींचे जुने कागद मिळाले, मागून कोरे. निळ्या शाईने वीस कागद लिहिले. "विजेची पेटी घेणाऱ्यांनो, फसू नका! या चार खुणा पाहा!" हात दुखला. माझं अक्षर वाईट नाही. मास्तर उगाच मारायचे.

१९ मार्च, जळगाव

आज रुपचंदला सोडला नाही! भर बाजारात, त्याच्या दुकानाच्या फळीवर उभा राहिलो. पेटी उघडून एकेक तुकडा लोकांना दाखवला. सुई लावली — पडली! मूठ एका कासाराच्या नाकाखाली धरली. तो म्हणाला, "ही तर आमच्या घरची लाख!" सगळे हसले. कागद वाटले. एक रुपचंदच्या हातात दिला, म्हटलं, भिंतीला चिकटव.

वाटलं होतं भांडेल. तर हात जोडले त्याने! "चूक झाली, भाऊ. मलाही कोणीतरी फसवलं. खरी पेटी आणवतो, तूच तपासून घे." लोक पांगल्यावर चहा मागवला. नाल केवढी असते, रेशीम कोणत्या रंगाचं, स्क्रू कुठे कुठे — सगळं विचारून घेतलं. मी सगळं सांगितलं. दोन चहा झाले. त्याला वठणीवर आणला!

२० मार्च

घसा बसलाय. पण मजा आली.

४ एप्रिल, पिंपळनेर

लॉरीवाला इकडे निघाला होता, बसलो. का बसलो ते विचारू नये. इथल्या बाजारात एक जण मधमाश्यांचं पोळं नुसत्या हाताने काढतो. तीन दिवस त्याच्यामागे फिरलो. ओठ सुजलाय.

अक्काचं पत्र नाही. कसं येईल? तिला लिहिता येत नाही, आणि ज्याच्याकडून लिहवून घेईल तो दाजींचा चुलतभाऊ. मी गाढव आहे.

१७ एप्रिल, जळगाव, रात्री भडगाव

आली! नव्या पेटीत सुई चिकटली, हलवली तरी पडेना. मूठ घासली — गंधक. तार उकलून पाहिली, वरचा वेढा हिरव्या रेशमाचा. खाचा झिजलेल्या. चारही खुणा! दांड्या धरल्या, रुपचंदने मूठ फिरवली, कोपरापर्यंत झटका. मी ओरडलो. तो हसला. "आता खरी की नाही?"

मीच म्हणालो, खरी. दहा लोकांसमोर म्हणालो.

पण खरी म्हणजे महाग. तोड्यांवर भागत नाही. भडगावला जाऊन अक्काला विचारलं. तिने ट्रंकेतून आईची पुतळ्यांची माळ काढली. आईची एवढीच वस्तू उरलीय. हातात धरून बसली. "तू सांग पंडित, खरी शे?"

खरी शे, म्हटलं.

२३ एप्रिल, भडगाव

अक्काची करंगळी हलली! सगळ्यांनी पाहिलं. सासूच्या हातातून ताट पडलं. दाजी रोज सकाळी स्वतः मूठ फिरवतात, सुतळी बाजूला ठेवून. अक्का ओरडते आणि हसते. "विंचू बरा व्हता!" म्हणते.

२५ एप्रिल, धुळे

नानांशी भांडण. सगळं सांगितलं, तर म्हणतात, "हळू-जोरमा फिरवी पाही का?" म्हटलं, चारही खुणा पटल्या, आणखी काय? नाना भिंग डोळ्याला लावून एका घड्याळात वाकलेलेच. "आनि खरी राहिनी म्हनजे हात बरा व्हस, हाई तुले कोनी सांगं?"

म्हाताऱ्याला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही! करंगळी हललीय, करंगळी! निघालो. हातोडी त्यांच्याकडेच राहिली. राहू दे.

२ मे, भडगाव

पेटी बंद पडली. चार दिवसांपासून झटका कमी कमी होत गेला, आज काही नाही. करंगळीही हलत नाही. झटका होता तोवरच ती हलत होती. दाजी पुन्हा सुतळी घेऊन बसले.

अक्का सहज म्हणाली, "हळू फिरवा का जोरमा, सारखंच लागे. माले वाटनं, जुनी वस्तू अशीच ऱ्हास."

तळाची फळी उचकटली. खाली बॅटरीचा सेल! टॉर्चमधला, साधा, संपलेला. नाल नुसती शोभेला. खऱ्या पेटीत मूठ जोरात फिरवली तर झटका जोरात बसतो, सेलवरच्या पेटीत कशीही फिरवा, तेवढाच. एवढंच सांगत होते नाना. आणि मी उंट बघायला गेलो.

तार पूर्ण उकलली. वरचे वेढे रेशमाचे, खालचे सगळे सुताचे. दोन थरांमध्ये कागद गुंडाळलेला. मेण लावलेला, तरी निळी शाई दिसत होती. उलगडला.

"...काळी मूठ तळहातावर घासा..."

अक्षर माझं.

रुपचंदशी भांडायला कुठल्या तोंडाने जाऊ? मी कागद भिंतीला लावायला दिला, त्याने कारागिराला दिला. एकेक खूण बघून भरलीय. मी शिकवलं, मीच तपासलं, मीच खरी म्हणालो. कुठे आदळू हे डोकं!

अक्का वाकून बघत होती. "काय लिखेल शे?"

"काही नाही. सिनेमाची जाहिरात."

५ मे, आखाजी

सासूने अक्काचं गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. दाजी घरात नव्हते. गावाबाहेर कडुलिंबाला झोके बांधलेत, माहेरी आलेल्या पोरी गातायत. अक्का थोडा वेळ बघत उभी राहिली. मग गाठोडं डाव्या हाताने डोक्यावर घेतलं — मला घेऊ दिलं नाही.

"चाल, पंडित. आपलं माहेर कोनता गावले शे?"