साहेबांचं टोपडं

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट आठवडाभर तसंच पडू दिलंस तरी चालेल, फक्त टाकून देऊ नकोस. तुझा पत्ता दवाखान्यातल्या जुन्या आयाबाईंनी दिला. त्यांच्याकडे तो पहिल्यापासून होता. मीच कधी मागितला नव्हता. देताना म्हणाल्या, बरं झालं आत्ता विचारलंत, मला हल्ली फार काळ काही लक्षात राहत नाही. तुला धाकटी म्हणायचा हक्क मला अजून उरलाय की नाही, ठाऊक नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी तू. पण मी तुझ्याहून वीतभर उंच, म्हणून वर्गातल्या बायकांनी मला मोठ्या बाई केलं आणि तुला धाकट्या. आपण ते कधी दुरुस्त केलं नाही. वय लपवायची फुकट सोय झाली, असं तू म्हणायचीस.

परवा त्या खोलीत जाऊन आले. औषधांच्या कोठीवरची, अठरा पायऱ्यांची. दिवस भरत आलेल्या बायकांचा वर्ग ज्याने वरच्या मजल्यावर ठेवला तो पुरुषच असणार, हे तुझं मत मला जिना चढताना पुन्हा पटलं. बाकं जाऊन खुर्च्या आल्या आहेत. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते, तशीच. जिन्याच्या वळणावर तू ठेवलेलं स्टूल मात्र नाही. बायका दहाव्या पायरीला धापा टाकत थांबायच्या, त्यांच्यासाठी ते. अर्धा वर्ग त्या स्टुलावरच होतो, असं तू म्हणायचीस आणि मला वाटायचं, तू गंमत करतेस. वर माझ्यासमोर कुणी काही विचारायचं नाही. मी याचा अर्थ असा घेतला, की मी फार स्वच्छ शिकवते.

शिकवायचे खरंच स्वच्छ. बुधवारी अकराच्या ठोक्याला फळ्यावर पहिली रेघ. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी घ्यायचं. पहिलं पिवळं, घट्ट दूध फेकायचं नाही. ते चमचाभरच असतं आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक बोंडासमोर. त्याने मोठं तोंड उघडलं की त्याला जवळ आणायचं, आपण वाकायचं नाही. मग तुझ्या जुन्या मरून मोज्यात कापूस भरून केलेला स्तन मी टेबलावर ठेवायचे. एखादी खुदकन हसायची. मी थांबायचे. तू तिच्यापेक्षा मोठ्याने हसायचीस आणि मला पुढे जाता यायचं.

आणि साहेब. वर्गाला बाहुली मिळेना, म्हणून जुन्या चादरीची तू शिवलीस. आत चिंध्या आणि वाळू. तान्ह्यांच्या काट्यावर ठेवून मूठमूठ वाळू घालत, काढत, बरोबर दोन किलो नऊशे केलंस. बायकांनी हातात घेतल्यावर त्यांचे चेहरे बदलायचे. वजनाची कल्पना कुणालाच नसायची. डोळे मिटलेले, तोंड कायम उघडं. मोठे डॉक्टर मिटिंगमध्ये असेच दिसतात, म्हणून तू त्याला साहेब म्हणालीस. एकदा शिवण उसवून एकीच्या मांडीवर वाळू सांडली. साहेबांनी शू केली, असं तू सांगितलंस, तेव्हा हसून हसून एकीला कळा सुरू झाल्या की काय म्हणून आपण घाबरलो होतो. धाकटे, त्या खोलीतलं इतकं हसू मी पुढे कधीच ऐकलं नाही. तेव्हा ते मला वेळ खाणारं वाटायचं.

एका सकाळी तू वॉर्डातून वर आलीस आणि साहेबांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा चेहरा शिवायला बसलीस. घट्ट मिटलेलं तोंड, कपाळाला आठ्या, डोळ्यांच्या दोन रागीट रेघा. इतकं आज्ञाधारक बाळ जगात नसतं, म्हणालीस. पाच मिनिटं सरळ धरा, पाच मिनिटं उलटं, म्हणजे बायकांना कळेल. मला ते पसंत पडलं नाही. पहिलटकरणींना घाबरवायचं कशाला? घरून माझ्या मुलीचं टोपडं आणलं आणि साहेबांना घातलं. मागचा चेहरा झाकला गेला. तू पाहिलंस.

आता त्या बुधवारबद्दल. तुला सगळं आठवत असणार, तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे. सुनेला सोडायला आलेल्या एक सासूबाई दारातच उभ्या होत्या. आमच्या वेळी कुणी शिकवलं होतं, असं म्हणाल्या. तू त्यांना आपली खुर्ची दिलीस. म्हणालीस, मग तुमच्या वेळी काय काय जमलं नाही, ते आज तुम्ही शिकवा. त्या बसल्या, आधी हसल्या, मग सांगायला लागल्या, की त्यांच्या पहिल्या मुलाच्या वेळी त्यांना दूधच पुरेना. चौथा दिवस, पाचवा दिवस. मूल रडून रडून गप्प पडायला लागलं. सगळ्या म्हणायच्या, येईल येईल. शेवटी शेजारणीने… इथवर आल्या असताना मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. फळ्यावर अजून तीन मुद्दे बाकी होते. मी म्हटलं, ‘त्या जुन्या गोष्टी झाल्या. आई झाली की दूध येतंच.’ आणि खडू उचलला. सासूबाईंनी तोंड मिटलं. दुसऱ्या रांगेत कपडे शिवणारी ती बारीक मुलगी बसली होती, गळ्यात मोजपट्टी विसरून आलेली. ती प्रत्येक वाक्य वहीत उतरवायची. तिने हेही उतरवलं.

मला ते खरंच तसं वाटत होतं. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. माझं दूध इतकं होतं, की ती दुसऱ्या खोलीत रडली तरी माझे कपडे ओले व्हायचे. मी माझंच अंग फळ्यावर काढत होते आणि त्याला शास्त्र म्हणत होते.

ती शिवणारी बाळंत झाली ती तिच्या मामाच्या गावी. आठव्या दिवशी आपल्याकडे आली. मुलगी जन्मली तेव्हा दोन किलो नऊशेची, साहेबांइतकीच. आपल्या काट्यावर ती दोन किलो तीनशे भरली. ओठ सुकलेले, रडणंसुद्धा सुकलेलं. तिने कुणाला दोष दिला नाही. माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, ‘बाई, येतंच म्हणाला होतात. म्हणून वाट बघत बसले.’

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी हजेरीवही घेऊन दोघींना बोलावलं. वहीवर दोघींच्या सह्या होत्या. त्या दिवशी वर्गात हे कोण म्हणालं, एवढंच त्यांनी विचारलं. मी सहीकडे बघत राहिले. माझ्या सहीखाली मी नेहमी एक रेघ ओढते; ती जरा तिरकी आली होती, ते मला अजून दिसतं. तू थांबलीस. मला वेळ देत होतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मग तू म्हणालीस, ‘मी.’ आणि मी गप्प राहिले. बाहेर आल्यावर जिन्याच्या वळणावर तू एकदाच बोललीस: ‘तू त्यांना पाजायला शिकवत नाहीस. नापास व्हायला शिकवतेस.’ मी तुझ्यावर रागावले. इतकं करून वर रागावले. आपलं ते शेवटचं बोलणं.

तुला खाली लसीच्या खोलीत टाकलं. दहा दिवस ड्यूटी संपल्यावर तू त्या शिवणारीच्या खाटेशी बसत होतीस, दूध पिळून चमच्याने पाजायला शिकवत होतीस आणि कमी पडेल तेवढं वरचं द्यायला, मान खाली न घालता. तिची मुलगी जगली. दीड वर्षाने तू बदली मागून घेतलीस, हे मला आयाबाईंकडून कळलं. तोवर लसीची रांग नेहमी लांब असायची आणि मोठे डॉक्टर म्हणायचे, ही बाई फार सावकाश काम करते. रांग का लांब होती, ते मला कळायचं. माझ्या वर्गात सगळं छान चाललंय म्हणणाऱ्या बायका बाळ घेऊन तुझ्याकडे जायच्या आणि तिथे खरं काय ते सांगायच्या. मी ते वाक्य दुसऱ्याच बुधवारी काढून टाकलं होतं. नाही जमलं तर लगेच या, असं सांगू लागले. पण चेहरा तोच ठेवून सांगत असणार. पुढच्या बावीस वर्षांत ‘जमलं नाही’ म्हणायला माझ्याकडे वर कुणी आलं नाही.

माझी मुलगी तीस वर्षांची आहे. आठवा महिना. पंधरा दिवसांपासून माझ्याकडे आहे. नवीन बाई पडद्यावर चित्रं दाखवून शिकवतात, चांगलं शिकवतात. परवा मी गेले होते ते त्यांनी साहेबांना घेऊन जा म्हटलं म्हणून. काल आम्ही दोघी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होतो. ती हसत हसत म्हणाली, ‘आई, मला नाही ना जमलं, तर तुला काही सांगणार नाही हं मी.’ मीही हसले. दोन घड्या आणखी घातल्या. मग उठून साहेबांचं टोपडं सोडलं. गाठ इतक्या वर्षांची, कात्री लावावी लागली. मागचा चेहरा जराही उडालेला नाही. उजेड लागलाच नव्हता. मुलीने साहेबांना उलटं करून हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे कुणी केलं? मी तिला सगळं सांगितलं. हजेरीवहीसकट. साहेबांना तिने परत दिलं नाही, मांडीवर तसंच धरून बसली, आठ्या वर करून.

म्हणून हे पत्र. मोठ्या डॉक्टरांना आता सांगून उपयोग नाही, ते गेले. तरी नवीन बाईंना मी आज सकाळी जाऊन सांगितलं आहे, की तो वर्ग माझा होता आणि ते वाक्य माझं. माफी मागायला मी याआधीही लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, म्हणून आज त्या नावाखाली काही मागत नाही. मागते ते वेगळंच. माझ्या मुलीला तू शिकव. मी शिकवलं तर तिला सगळं येईल आणि नाही जमलं तर ती मला सांगणार नाही. वाट बघत बसेल. नवीन बाईंनी या महिन्यात दर बुधवारी खोली रिकामी ठेवलीय, अकरा वाजता. वळणावर मी स्टूल ठेवलं आहे. गुडघे दुखत असतील तर वर चढूच नकोस, वर्ग तिथेच घे. मी दुसऱ्या रांगेत बसेन, वही घेऊन. त्या सासूबाईंची गोष्ट मी अर्धीच ऐकली होती. शेजारणीने पुढे काय केलं, ते तू त्यांना नंतर नक्की विचारलं असशील. आधी ते सांग.

तुझीच,
मोठी