धनेशच्या टायसाठी कोरं कापड

२१ एप्रिल, सोमवार
एवढीशी पट्टी आणि तिची किंमत! अंग झाकत नाही, घाम पुसता येत नाही, वर दुकानदार म्हणतो, बाई, हात लावू नका. मी काय शेणातून आले होते? धनेशला स्वतःच्या लग्नात कोटावर टायच पाहिजे. पोरगा बोईसरला कंपनीत लागला आणि त्याचा गळा महाग झाला. जव्हारच्या बाजारातून साधं पांढरं मांजरपाट आणलं. लाल रंगात बुडवायचं, शिवायचं. एका दुपारचं काम.

२२ एप्रिल, मंगळवार
काम राहिलं. सकाळपासून माणसं येतायत. काल त्या कापडवाल्याने कात्री न लावता टर्रकन फाडून दिलं. तसं फाडतात मयताचं कापड. मी घाईत होते, तसंच खांद्यावर टाकून जीपमध्ये बसले. गावात, वांगणीत, आमच्याकडे मयत झाल्याची बातमी माझ्या आधी पोचली. शेजारची चंद्रकला रडतच आली, घरात सगळे जिवंत बघून तिचं तोंड उतरलं. तिला चहा पाजला. तुका भगत म्हणाला, कोरं कापड घरात आलं की माणूस मागतं. म्हटलं, हे टाय मागतंय.

२४ एप्रिल, गुरुवार
टाय झाला. रंग मध्ये बसला, कडेला नाही. लांबून डिझाइन वाटते. पोटापर्यंत यायला पाहिजे तो छातीवरच संपला. धनेशला फोनवर सांगितलं, फर्स्टक्लास.
सासू जेवत नाही. गोजाबाई म्हणजे कोंबड्याआधी उठून अंगण झाडणारी बाई. आता भिंतीकडे तोंड करून पडलीय. ऊन आहे. उन्हात जेवण कमीच जातं.

२५ एप्रिल, शुक्रवार
सासूने तिची कोंबडी चंद्रकलाला देऊन टाकली. म्हातारपणी हात मोकळा होतो माणसाचा.
दुपारी बघते तर उरलेलं कापड अंगावर घेऊन पाय झाकतात का बघत होती. म्हटलं, ते तुझं नाही. म्हणाली, "कापड घरात आलंय. घरात म्हातारी कोण?"
मला भीतीबिती वाटली नाही. उरलेलं सगळं कापड चुलीत घातलं. वास मात्र घरातून जाईना. कापडाचा धूर तसाच असतो.

२७ एप्रिल, रविवार, अमावस्या
धनेश आला. टाय बघून हसला नाही, हे वाईट. नवरीने, प्रगतीने, त्याला रेडिमेड घेऊन ठेवलाय. माझा खुंटीला टांगला.
दुपारी खुंटी रिकामी. सासूने गळ्यात बांधलाय, गाठ मारून. सोडू देत नाही. म्हणते, माझं होतं ते मला मिळालं. घरात सगळे पाय न वाजवता चालतात. मीपण. पेज करून ठेवली, साय धरली तिच्यावर.
शेवटी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "आये, परवा हळद. नातवाला पहिली हळद तुझ्या हातची लागायची. तू गेलीस तर सुतक, मांडव उतरवायला लागेल. उद्या, सोमवारी, दिवस मावळायच्या आत मला सांग. पेज पिणार का जाणार?"