हेस्केलनं सांगितलेल्या चुका

शनिवार, १७ नोव्हेंबर २०१८. शब्बाथ उतरल्यावर

चार. आज चार वेळा टोकलं!

दोन ठिकाणी माझीच जीभ घसरली, कबूल. तिसरा शब्द मी अर्धा गिळला होता. चौथी मात्र निव्वळ खोडी. मधला एक ‘व’ जरा पुसट झाला, तर लगेच याचा आवाज, सगळ्या सिनेगॉगला ऐकू जाईल असा. पूर्वी असा ओरडायचा नाही. हल्ली मुद्दाम ओरडतो.

म्हणजे या आठवड्यात माझा सख्खा भाऊ माझ्याशी चार शब्द बोलला. तेही त्याचे नव्हेत, तोराचे, आमच्या धर्मग्रंथाचे. गेल्या आठवड्यात दोनच होते.

जेवताना जावयांकडचा कुणी पाहुणा विचारत होता — त्यात एवढं अवघड काय, समोर लिहिलेलं वाचायचं! लिहिलेलं? तोराच्या गुंडाळीत नुसती व्यंजनं. स्वर नाहीत, विराम नाहीत, सुराच्या खुणा नाहीत. कुठं थांबायचं, कुठल्या अक्षरावर आघात द्यायचा, कुठला शब्द कुठल्या सुरात — सगळं आठवडाभर घोटून डोक्यात ठेवायचं आणि शब्बाथला लोकांसमोर उभं राहायचं. म्हणून तर शेजारी छापील पोथी घेऊन एकाला उभं करतात. वाचणारा चुकला की त्यानं बरोबर शब्द म्हणायचा, आणि वाचणाऱ्यानं मागं येऊन तो परत म्हणायचा. आमच्याकडं वाचणारा मी, टोकणारा हेस्केल. सव्वीस वर्षं झाली. शेवटची नऊ वर्षं एवढंच बोलणं.

आणि हातात पोथी असून बघतो कुठं? माझ्या तोंडाकडं! टक लावून, डोळे वटारून. वाचताना गालावर त्याची नजर टोचते. पोथी त्याला पाठ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ते मला दाखवायची काय गरज?

सोमवार, १९ नोव्हेंबर

सकाळी घोकंपट्टी. माझी बायको फर्हा समोर पुस्तक धरून बसली होती. मध्येच म्हणाली, “हे सगळं पुस्तकच भावाभावांच्या भांडणाचं आहे. तुला वाचताना काही वाटत नाही?”

“वाटतं. सूर अवघड आहे.”

“दगड आहेस, मनश्शे.”

“दगड तो आहे.”

“मग दोन दगड. तुमच्या आईचं नशीब!”

आईचं नाव काढलं की मी उठतो. आजही उठलो.

नऊ वर्षं झाली. मी लंडनला लेकीकडं होतो, तिच्या बाळंतपणाला. आई अचानक खालावली. मिळेल ते विमान धरलं. ती सकाळी अकराला गेली, हेस्केलनं संध्याकाळी पाचला पुरली. मी नऊला उतरलो. जेरूसलेममध्ये प्रेत रात्रभर ठेवत नाहीत — मला शिकवू नका! थांबणारे थांबतात. परगावचं मूल वाटेवर असलं की थांबतात. चार तास! तेवढे थांबला नाही. मी विमानतळावरून तडक कबरस्तानात गेलो तेव्हा ओली माती होती आणि एक रखवालदार होता. सात दिवसांचं सुतक त्यानं त्याच्या घरी पाळलं, मी माझ्या.

मला वाचायला शिकवलं त्यानंच. सहा वर्षांनी मोठा. शाळेत व्याकरणाचा मास्तर. लहानपणी चुकलो की कानाची पाळी पिरगळायचा.

शनिवार, २४ नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली.

शखेम गावाचा भाग. याकोबाची पोरं गाव लुटतात, बायकामुलांना पकडून नेतात. तिथं ‘शावू’ असा शब्द येतो. आघात शेवटी दिला तर ‘कैद करून नेलं’, आधी दिला तर ‘परत आले’. हा तर व्याकरणाच्या मास्तरांचा आवडता सापळा. मी पोरगा असताना हेस्केलनं याच शब्दावर माझा कान लाल केला होता.

आणि आज मी आघात आधी दिला! सरळ. ठळक. लुटलेल्या बायकापोरांना मी सुखरूप घरी आणून सोडलं!

तो गप्प. बघत होता माझ्या तोंडाकडंच. पापणीसुद्धा हलली नाही. मी पुढं वाचत गेलो. घरी येताना वाटेत, चढावर, एकदम लक्षात आलं आणि पाय थांबले.

अर्थ बदलणारी चूक. ती सोडणं पाप आहे. हेस्केल सोडणारा नव्हे. तो आजारी राजालाही सोडणार नाही.

मग का सोडली? दया आली माझी? मला नको त्याची दया.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

दाढ काढली. खालची, डावी. गाल भोपळ्यासारखा सुजलाय. फर्हा म्हणते, या शब्बाथला दुसऱ्या कुणाला सांग. दुसरं आहे कोण? कारभारी शब्ताय स्वतः वाचायला तयार आहे, म्हणजे गाढवाला गायला उभं करण्यासारखं.

शनिवार, १ डिसेंबर

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

योसेफचा भाग. भाऊ त्याचा अंगरखा काढून घेतात आणि त्याला खड्ड्यात टाकतात. खड्डा म्हणजे ‘बोर’. दोन अक्षरी शब्द, पोरंसुद्धा चुकत नाहीत. तोंड धड उघडत नव्हतं, पण शब्द स्वच्छ होता. मी म्हणालो, ‘बोर’.

हेस्केल ओरडला, “बोर!”

मला कळेना. मी परत म्हणालो, ‘बोर’.

“बोर!”

मागं कुणीतरी हसलं. मी तिसऱ्यांदा म्हणालो. त्यानं तिसऱ्यांदा टोकलं — तोच शब्द, मी म्हणालो तोच! आता बाकांवर खसखस पिकली. शब्ताय म्हणाला, “हेस्केल, बरोबर वाचलं की त्यानं.” हेस्केलनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच तोंडाकडं बघत होता, कपाळावर घाम.

मला वाटलं, हा सगळ्यांसमोर माझा खेळ करतोय. नऊ वर्षांची आग एकदम डोक्यात गेली. वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. मी बोललो.

“बहिरा झालास का रे?”

आता सगळेच हसले. वरती पडद्यामागं बायकाही.

यावर तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एकदा लोकांकडं पाहिलं, हलणाऱ्या सगळ्या तोंडांकडं. मग पोथी मिटली. तिचं चुंबन घेऊन माझ्या शेजारच्या चौरंगावर ठेवली आणि पायऱ्या उतरून बाहेर गेला. शब्तायनं त्याची जागा घेतली. मी शेवटपर्यंत वाचलं. एकदाही कुणी टोकलं नाही.

नऊ वर्षांनी भावाशी बोललो. काय बोललो!

रविवार, २ डिसेंबर

आमच्याकडं म्हणतात, चार लोकांत माणसाचा चेहरा पांढरा केला तर ते रक्त सांडल्यासारखंच. काल त्याचा चेहरा मी पाहिला. पांढरा होता.

फर्हा बोलत नाही. आता घरात दोन मुके.

सोमवार, ३ डिसेंबर

फर्हाला बाजारात वहिनी भेटली. कांदे निवडता निवडता रडली म्हणे, आणि कांद्यांनी नव्हे.

हेस्केलला ऐकू येत नाही. दोन वर्षं! डाव्या कानानं अजिबात नाही, उजव्यात नुसता समुद्रासारखा आवाज. यंत्र लावून पाहिलं, त्यानं समुद्रच मोठा झाला. कुणाला सांगायचं नाही अशी वहिनीला शपथ घातली होती. सांगितलं असतं तर पोथी काढून घेतली असती.

तो ओठ वाचतो. पोथी पाठ, म्हणून माझ्या तोंडाकडं बघून कळायचं काय चुकलो ते. पण ‘ब’ आणि ‘म’ ओठांवर सारखेच दिसतात. सुजलेल्या गालानं मी ‘मोर’ म्हणालो असं त्याला वाटलं. ‘मोर’ म्हणजे बोळ, धूपाचा डिंक. भावांनी योसेफला धूपात टाकला म्हणे! तो बरोबरच टोकत होता बिचारा.

आणि आघात ओठांवर दिसत नाही. सूर तर नाहीच नाही.

म्हणजे दोन वर्षांत त्यानं माझा सूर एकदाही टोकला नाही तो यामुळं. आणि मी काय समजून चाललो होतो? — आता सूर असा बसलाय की हेस्केललाही खोट सापडत नाही! शब्तायला तसं बोलूनही दाखवलं होतं. लाज वाटते.

बुधवार, ५ डिसेंबर

गेलो.

फर्हानं तळलेल्या पोळ्यांचा डबा हातात दिला आणि दार लावून घेतलं. चार वाजले असतील. हेस्केलचा जिना चढलो.

वहिनीनं दार उघडलं. “भाऊजी, या.” एवढंच. डबा घेऊन आत गेली ती आलीच नाही.

हेस्केल खुर्चीत. उठला नाही. किती लहान झालाय! शेजारी उभा असताना नऊ वर्षं मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

“माफी मागायला आलो,” मी ओरडलो.

“ओरडू नकोस. ओरडलास की ओठ वाकडे होतात.”

मी हळू म्हणालो, “चुकलो.”

“हं. सूज उतरली का?”

“उतरली. कानाचं सांगितलं का नाहीस?”

“कुणाला? तुला?” मग त्यानं हाताकडं पाहिलं. “खरं सांगू? तुझं न बोलणं सोयीचं पडलं मला. बाकीच्यांशी दोन शब्द बोलायचे तरी धास्ती, पकडला जाईन म्हणून. तुझ्याशी ती भीती नव्हती. तू बोलत असतास, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तुला.”



मग त्यानं विचारलं, “या दोन वर्षांत सूर बरोबर होता का तुझा?”

“मला काय ठाऊक? तू टोकलं नाहीस, म्हणून मी समजलो बरोबर आहे.”

तो हसला. दात कमी झालेत. “मग आपण दोघांनी मिळून दोन वर्षं लोकांना काय ऐकवलं, देव जाणे.”

बाहेर अंधारून आलं. हनुक्काची, आमच्या दिव्यांच्या सणाची, चौथी संध्याकाळ. तो उठला, प्रार्थना म्हणाला — आवाज कुठल्या कुठं चढत होता, त्याला कळत नव्हतं — आणि खिडकीपाशी जाऊन तेलाच्या पेल्यांत वाती पेटवू लागला. पाठ माझ्याकडं. लहान, वाकलेली पाठ.

आणि मी बोलायला लागलो. ऐकू येणार नाही म्हणूनच बहुधा. त्याच्या तोंडावर मला जमलं नसतं.

म्हणालो, दादा, चार तास थांबला असतास तर काय बिघडलं असतं? मला तिचं तोंड बघायचं होतं. मातीच बघितली. आई माझी वाट बघत गेली, दादा. दाराकडं डोळे लावून गेली असेल. मी रोज ते दार बघतो आणि ती बघते मला. तुझ्यावर चिडणं सोपं होतं म्हणून चिडलो. मी लंडनला निघालो तेव्हाच ती म्हणाली होती, नको जाऊस, मला बरं वाटत नाही. आणि मी म्हणालो, तुला नेहमीच बरं वाटत नाही. हे फर्हालाही माहीत नाही.

चौथी वात लवकर धरत नव्हती. तो पाठमोराच उभा राहिला, बराच वेळ. मग वळला.

“काही म्हणालास?”

“नाही. वात वर कर म्हणालो.”

“केली.”

चहा घेतला. निघालो. शब्बाथला ये म्हणालो, तर मान हलवली — नाही.

शनिवार, ८ डिसेंबर

वाचलं. शेजारी शब्ताय पोथीत नाक खुपसून. दोन ठिकाणी माझं मलाच कळलं की चुकलो. मागं आलो, सुधारलं, पुढं गेलो. त्याला काही पत्ता नाही.

गालावर कुणाची नजर नव्हती. तिथं गार वाटत होतं.

रविवार, ९ डिसेंबर

सकाळी वहिनीचा फोन. म्हणाली, “ते शेजारीच बसलेत. सांगतायत तसं सांगते. दिवे लागल्यावर खिडकीच्या काचेत तुमचं तोंड स्वच्छ दिसत होतं म्हणे, आरशासारखं. आणि एक चूक आहे म्हणतात. ‘वाट बघत गेली’ नव्हे. त्या दिवशी आईंनी विचारलं, मनश्शे आला का? हे म्हणाले, आला, जिना चढतोय. तर म्हणाल्या, मग दार उघडं ठेव. त्यानंतर काही बोलल्या नाहीत.”