तंबाखूच्या डबीतली निळी गोळी

प्रिय काशा,

तुझा चष्मा माझ्या पडवीत राहिला, तो येसूबाईच्या हातून खेडला पाठवतेय. चिठ्ठी चष्म्याच्या घरातच ठेवलीय. चष्मा लावल्याशिवाय तुला ती वाचता येणार नाय, आणि येसूबाईला लावूनही येणार नाय. फोन केला असता, पण तुझी दर्शना तो स्पीकरवर टाकते. हे लेकीनं ऐकलं तर तू लाजून जगबुडी नदीत उडी घेशील. म्हणून आधी दार लावून बस.

इकडे मिरकरवाड्यात सगळ्यांना आपल्या लग्नाचं कळलंय. माझ्या टोपलीसमोर गिऱ्हाईक मासे कमी बघतं, मला जास्त. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरी कशी दिसते ते बघायचं असतं ना. माझी सून अक्षया म्हणते, नोंदणीला फिकी साडी नेसा. मी पोपटी आणलीय. तू मात्र मिशी काळी करू नकोस मेल्या, शिमग्यातला संकासुर दिसशील.

आता मुद्द्याचं. मंगळवारी माझ्याकडे जेवलास आणि तंबाखूची डबी काढलीस. छातीत स्प्रिंग घातल्यापासून तंबाखू सुटली, डबी सुटली नाय. पाकिटाची टोकं खिशात टोचतात म्हणून सगळ्या गोळ्या मोकळ्या करून तिच्यात टाकायच्या, ही होडीवरची सवय. त्या पांढऱ्या गोळ्यांत एक निळी होती. कसली विचारलं तर म्हणालास गॅसची. पण तुझे कान लाल झाले. शाळेत गुरुजींचे पेरू चोरलेस तेव्हाही असेच झाले होते. गॅसनं कान लाल होत नाहीत, काशा.

तू हात धुवायला गेलास तशी ती मी पदराला बांधली. माझी भाची शमिका नर्स आहे, तिला दाखवली. ती आधी पोट धरून हसली. मग विचारलं, मावशी, छातीत कळ आली तर जिभेखाली धरायची गोळी आहे का यांच्याकडे? म्हटलं, त्याच डबीत आहे. तशी तिचं हसू गेलं.

ती म्हणाली, जिभेखालची गोळी रक्ताच्या नळ्या सैल करते, निळीही तेच करते. दोन्ही अंगात एकत्र आल्या तर प्रेशर असं खाली जातं की माणूस बसल्या जागी कोसळतो, परत उठेलच असं नाय. एक सकाळी आणि एक संध्याकाळी घेतली तरी चालत नाय. आणि निळीसाठी हृदयाची गोळी मनानं बंद करायची नाय, ते तर त्याहून वाईट. तू निळी घेतलीस आणि छातीत दुखलं, तर जिभेखाली काही न ठेवता सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि काय घेतलंय ते पहिल्यांदा सांगायचं. लाज नंतर.

तोंड पाडू नकोस. शमिका म्हणते, हृदयाच्या सगळ्याच माणसांना ती बंद नसते. कुठली गोळी चालू, प्रेशर किती, लघवीसाठी काही घेतो का, हे बघून डॉक्टर ठरवतात. पण ते डॉक्टरनं ठरवायचं. तुझ्या जुन्या खलाशानं, बाबूनं नाय. निळी त्यानंच दिली असणार, म्हणून त्याला मी जेटीवर गाठलाच. अर्धी जेटी घेते म्हणाला. विचारलं, अर्ध्या जेटीच्या छातीत स्प्रिंग आहे काय रे?

गेल्या महिन्यात डॉक्टरनं तुला विचारलं होतं, आणखी काही घेता का. मी शेजारच्या स्टुलावर होते. तू मान हलवलीस, नाय म्हणून. तू तांडेल, होडीचा म्होरक्या; मासा कुठं लागला ते तांडेल कुणाला सांगत नाय, हे मला ठाऊक आहे. पण डॉक्टर काय दुसऱ्या होडीवाला आहे? की मी बसले होते म्हणून?

माझ्या मालकांनाही असंच लपवायची खोड होती. त्या दिवशी छातीवर हात ठेवून म्हणाले, पित्त आहे गो. मी घाबरू नये म्हणून. आणि मी शहाणी, दुपारभर त्यांना आमसुलाचं पाणी पाजत बसले. चार वाजता भांडं माझ्या हातातच राहिलं. बारा वर्षं झाली, मी हे कुणाला सांगितलं नाय. तुला सांगतेय, कारण मंगळवारी तू गॅस म्हणालास आणि मला पुन्हा तो पित्ताचा आवाज ऐकू आला. निळी गोळी कुणासाठी आणलीस ते मला कळतं रे, हसूही येतं. पण मला तू हवास, सकाळी चहावरून भांडायला. बाकीचं झालं तर झालं. म्हणून उरलेल्या निळ्या असतील त्या आजपासून बाजूला ठेव. गुरुवारी दहा वाजता डॉक्टरकडे नंबर लावलाय. चष्मा घालून ये, डबी त्यांच्या टेबलावर उघडी कर आणि तोंडही उघड. लाज वाटली तर मी बाहेर बसेन. पण तू नाय बोललास तर आत येऊन मी बोलेन, आणि माझा आवाज मासळीबाजारात तयार झालाय. एवढंही नाय जमलं तर पोपटी साडी दुकानात परत जाईल.

गुरुवार पार पडला तर तुझीच,
गोदा