कुसुम फोटोत नाही

६ फेब्रुवारी २००८, बुधवार
अकरा दिवस कुसुमचा फोन नाही. विलायतेत आल्यावर बिस्किटांच्या फॅक्टरीत एका बेल्टवर उभ्या राहायचो तेव्हापासूनची ओळख, आणि रिटायर झाल्यापासून रोज सकाळी दहाला फोन. मेलीबिली की काय म्हणून मीच लावला. "कामात आहे," म्हणाली आणि ठेवला. नवरा ऑगस्टात गेला, मुलगी एडिनबराला. एकट्या बाईला काम कसलं?
तिच्या वाटणीचा तिळगूळ बरणीत तसाच.

७ फेब्रु.
कळलं. नात मीराने आमच्या २६ तारखेच्या हळदीकुंकवाचे फोटो कॉम्प्युटरवर लावलेत. तिथे म्हणे प्रत्येकाची एक भिंत असते, कुणीही येऊन लिहावं. चौदा बायका, खाली चौदा नावं. मी तोंड उघडं टाकून. कुसुमच्या मुलीने तिकडे बघितलं आणि आईला विचारलं, तू का नाही गेलीस?
सुनेला विचारलं, आमंत्रणं कुणी केली? म्हणे मीराने, कॉम्प्युटरवरून. कुसुमकडे कॉम्प्युटर नाही. "आई, मला वाटलं तिला तुम्ही फोन केलात."
दोघींना भरपूर बोलले.

८ फेब्रु.
स्वतःला बोलायचं राहिलं होतं. हळदीकुंकवाआधी रोज दहाला कुसुम फोनवर होतीच. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला कसं बोलवायचं, म्हणून विषयच काढला नाही. पोरीच्या कॉम्प्युटरवर ढकललं. सुटले असं वाटलं.
लिहून ठेवते. सांगणार कुणाला नाही.

९ फेब्रु.
मीराने बाकीच्या घरांचे फोटो दाखवले. आमच्याकडे वाणाला निळा डबा होता, तर पुढच्या तिन्ही घरी निळे डबे. आम्ही ताट धरलं तसंच ताट धरलेलं. आमच्यातल्या शोभाचं हळदीकुंकू अजून व्हायचंय, पण तिने पडदेसुद्धा आमच्यासारखे लावलेत. मेंढरं नुसती.
रथसप्तमी बुधवारी. त्यानंतर हळदीकुंकू नाही, मग वर्षभर ही अढी.

१० फेब्रु., रविवार
मीराला घेऊन बसने कुसुमकडे गेले. पिशवीत करंडा, तिळगूळ, निळा डबा. दाराची साखळी न काढताच म्हणाली, "वाण उरलं वाटतं."
"उरलं नाही. तुला बोलवायची हिंमत नव्हती."
तिने साखळी काढली. चहात साखर जास्त, अजून सुधारली नाही. मी करंडा उघडून नुसताच टेबलावर ठेवला. तिने पुढे सरकून कपाळ धरलं. मी कुंकू लावलं, वाकडंच लागलं.
मीराने कॅमेरा काढला. मी नको म्हटलं. कुसुम म्हणाली, "काढू दे. मी फोटोत नव्हते ते सगळ्यांनी बघितलं. आता आहे तेही बघू दे."

१२ फेब्रु.
फोटो भिंतीवर लागला. मीरा म्हणते, "आजी, तुझा फोटोला खूप लोक बघितली." इथे जन्मलेली, तिचं मराठी असंच.
दुपारी शोभाचा फोन. उद्या तिच्याकडे हळदीकुंकू, कुसुमला बोलावलंय. शोभाची सासू नवरा गेल्यापासून नऊ वर्षं या दिवशी वरच्या खोलीत बसते, तिलाही खाली बसवणार. फोटो बघून ठरवलं म्हणाली. पडदे बघून पडदे, आता हे बघून हे. करू देत.

१३ फेब्रु., रथसप्तमी
सकाळी दहाला फोन वाजला. "कुठली साडी नेसू?" इतकंच.
शोभाची सासू खाली आली. कुसुमच्या शेजारी बसली, दोघी वाण उघडून बघत होत्या. फोटोसाठी हसा म्हणावं लागलं नाही.
घरी आलो तर नागपूरच्या नणंदेने नातवाकडून माझ्या-कुसुमच्या फोटोखाली लिहवून घेतलेलं: "वहिनी, विधवेला कुंकू? कुणाला विचारून?" सगळ्या गावाने वाचलं. मीरा रागाने उत्तर टाइप करायला बसली, मी हात धरला.
मीराने लिहायचं नाही. सुनेने नाही. मीही नाही. उद्या दहाला फोन आला की वाचून दाखवीन. उत्तर कुसुमने द्यायचं.